कन्फ्यूशियस गुरू की धर्मसंस्थापक? आधुनिक चीनमधला एक न संपलेला वाद

१९१३ सालच्या ऑगस्टमध्ये बीजिंगच्या नव्याकोऱ्या संसदेकडे एक अर्ज आला. राजेशाही संपून जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि घटनेचा मसुदा तयार होत होता. कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीला घटनेत राष्ट्रधर्माचा दर्जा द्यावा, अशी अर्जदारांची मागणी होती. सह्या करणारे कुणी जुन्या वळणाचे शास्त्रीबुवा नव्हते. चेन हुआनझांग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले होते. यान फू यांनी हक्स्ली, मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत चिनी भाषेत आणले होते. लियांग चीचाव हे तर नव्या विचारांच्या पत्रकारितेतलं सर्वांत मोठं नाव. उलट या मागणीवर तुटून पडणाऱ्यांत झांग ताईयान होते, आणि प्राचीन ग्रंथांवर त्यांच्याइतकी हुकमत असलेला माणूस त्या काळी देशात शोधूनही सापडला नसता.

परंपरावादी म्हणजे धर्माभिमानी, सुधारक म्हणजे निधर्मी आणि धर्मनिरपेक्षता म्हणजे सरकारने धर्मापासून लांब राहणं, अशी समीकरणं आपल्या डोक्यात पक्की बसलेली असतात. ती घेऊन चीनचा इतिहास वाचायला बसलं की पहिल्याच पानावर अडखळायला होतं. तिथे राष्ट्रधर्म मागणारा सुधारक निघतो, त्याला विरोध करणारा परंपरावादी निघतो, आणि धर्म मानत नाही म्हणणारं सरकार धर्माच्या कारभारात सर्वांत जास्त हात घालतं. माझ्या मते याचं मूळ एकाच गोष्टीत आहे. धर्म कशाला म्हणायचं आणि अंधश्रद्धा कशाला, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, यावर चीनमध्ये सव्वाशे वर्षं भांडण चाललं आहे. सम्राट गेले, प्रजासत्ताक आलं, कम्युनिस्ट आले. तो अधिकार मात्र राज्यकर्त्यांनी कधी हातचा सोडला नाही.

आधी जुनी व्यवस्था पाहू. युरोपात राजा आणि पोप अशी दोन सिंहासनं होती आणि त्यांच्या झगड्यातून पुढे चर्च आणि राज्य वेगळं करण्याचा विचार आला. चीनमध्ये दुसरं सिंहासन नव्हतंच. सम्राट हाच 'स्वर्गाचा पुत्र'. दर हिवाळ्यात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, बीजिंगच्या स्वर्गमंदिरात तो स्वतः यज्ञबळी अर्पण करायचा. तो अधिकार दुसऱ्या कुणालाही नव्हता. विधींसाठी दरबारात वेगळं मंत्रालय होतं. भिक्षू व्हायचं तर सरकारी दाखला लागे. इतकंच काय, देवांनाही बढती मिळायची. तिसऱ्या शतकातला ग्वान यू नावाचा सेनापती मेल्यानंतर देव झाला आणि वेगवेगळ्या सम्राटांच्या फर्मानांनी पायरी पायरीने वर चढत अखेर 'सम्राट' पदाला पोहोचला. फुज्यान किनाऱ्यावरच्या कोळ्यांची माझू ही देवीही अशीच 'स्वर्गाची राणी' झाली. दरबाराला जे पंथ मान्य नव्हते, त्यांच्यावर मात्र बंडखोर म्हणून लष्कर चालून जाई.

या सगळ्याला पहिला मोठा हादरा १८९८ मध्ये बसला. जपानकडून झालेल्या पराभवाने चीन हबकला होता. कांग यूवेई या सुधारक विद्वानांनी तरुण ग्वांगशू सम्राटाला सुधारणांचा मोठा आराखडा दिला. पाश्चात्त्यांच्या ताकदीचं एक रहस्य त्यांना चर्चमध्ये दिसलं होतं. दर रविवारी सगळा समाज एका छपराखाली जमतो, एकच ग्रंथ ऐकतो, त्यातून राष्ट्र उभं राहतं, असा त्यांचा हिशेब होता. मग आपल्याकडेही कन्फ्यूशियसची मंदिरं गावोगाव हवीत, तिथे प्रवचनं व्हावीत आणि कालगणनाही कन्फ्यूशियसपासून सुरू करावी. तोवर कन्फ्यूशियसची पूजा हा अधिकारी आणि विद्वान यांचा मामला होता. सामान्य शेतकरी त्याच्या दारात नवस बोलायला जात नसे.

याच आराखड्याची दुसरी बाजू जास्त जाचक ठरली. गावोगावची देवळं आणि मठ ताब्यात घेऊन त्यांच्या शाळा करा, असं कांग सांगत होते. झांग झिदोंग हे वजनदार प्रांताधिकारी त्यांचे राजकीय विरोधक, पण या मुद्द्यावर दोघांचं जमलं. झांग झिदोंग यांनी तर त्याच वर्षी प्रमाणही ठरवून टाकलं: प्रत्येक तालुक्यातल्या दहापैकी सात मठ-मंदिरं शाळांना आणि तीन भिक्षूंना. शंभर दिवसांत राजमाता त्सशी हिने सुधारणा गुंडाळल्या, सम्राटाला नजरकैदेत टाकलं, कांग परागंदा झाले. देवळं ताब्यात घेण्याची कल्पना मात्र टिकली आणि पुढच्या दशकात नव्या शाळांच्या नावाने ठिकठिकाणी राबवली गेली.

जिंगआन नावाच्या बौद्ध भिक्षूची हकीकत इथे सांगायलाच हवी. निंगबोजवळ सम्राट अशोकाच्या नावाचं एक प्राचीन मंदिर आहे. तिथल्या बुद्धधातूंपुढे जिंगआन यांनी तरुणपणी आपली दोन बोटं दिव्यासारखी जाळून अर्पण केली होती, म्हणून लोक त्यांना 'आठ बोटांचे तपस्वी' म्हणत. ते उत्तम कवीही होते. १९१२ मध्ये, साठी उलटल्यावर, मठांच्या जमिनी वाचवण्याची विनंती घेऊन ते बीजिंगला गेले. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याने त्यांचा अपमान केला. ते उतरले होते त्या मठात परतले आणि तिथेच लगेच वारले. प्रजासत्ताकाच्या हंगामी घटनेत धर्मस्वातंत्र्य लिहिलं गेलं, त्याच वर्षी हे घडलं. मठ वाचवायचे तर 'आम्ही अंधश्रद्धा नाही, आम्ही रीतसर धर्म आहोत' हे सरकारला पटवून द्यावं लागतं, हा धडा बौद्धांनी यातून घेतला. त्यांनी संघटना बांधल्या, शाळा आणि अनाथाश्रम काढले. गावच्या देवतांना अशी संघटना कुठून असणार?

आता झांग ताईयान यांच्याकडे वळतो. मराठी वाचकाला त्यांच्याबद्दल कुतूहल वाटावं असं एक खास कारण आहे. १९०७ च्या एप्रिलमध्ये टोकियोतल्या हिंदी तरुणांनी शिवाजी महाराजांचा स्मृतिसोहळा केला. टिळकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात रुजलेला उत्सव तिथवर पोहोचला होता. झांग त्या वेळी टोकियोत चिनी क्रांतिकारकांच्या 'मिनपाव' या पत्राचे संपादक होते, आणि ते या सोहळ्याला हजर राहिले. परक्या सत्तेविरुद्ध उभा राहिलेला राजा म्हणून शिवाजी महाराज त्यांना जवळचे वाटले. मांचू घराण्याची सत्ता त्यांच्या लेखी परकीच होती. जपानचे माजी पंतप्रधान ओकुमा यांनी मात्र व्यासपीठावरून इंग्रजी राज्याची भलामण केली. झांग यांनी मिनपावमध्ये या सोहळ्यावर लेख लिहिला आणि त्यात ओकुमांच्या भाषणाबद्दलची नाराजी उघड मांडली.

हे झांग धर्माबद्दल काय म्हणत होते? सम्राटाला 'क्षुद्र विदूषक' म्हटल्याबद्दल त्यांनी शांघायमध्ये तीन वर्षं तुरुंगवास भोगला होता. तिथे त्यांनी योगाचार बौद्ध ग्रंथ वाचले. असंग आणि वसुबंधूंचं हे तत्त्वज्ञान चिनी भाषेत नेणारा ह्युएनत्संग, म्हणजे पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन लिहून ठेवणारा तोच प्रवासी. १९०६ मध्ये सुटून टोकियोला पोहोचल्यावर झांग यांनी जाहीर भाषणात सांगितलं की क्रांतीला दोन गोष्टी हव्यात: लोकांचं मनोबल वाढवणारा धर्म आणि देशप्रेम जागवणारी आपल्या भाषा-इतिहासाची ओळख. धर्म म्हणजे त्यांच्यासाठी बौद्ध विचार. त्यात सृष्टीचा कर्ता देव नाही, कुणापुढे वाकणं नाही, आणि 'मी' खोटा ठरल्यावर मरणाचं भयही उरत नाही. कन्फ्यूशियसच्या परंपरेबद्दल त्यांची तक्रार होती की ती माणसाला अधिकारपद आणि संपत्ती यांच्या मोहात गुंतवून ठेवते.

म्हणजे हा माणूस धर्माच्या विरोधात नव्हता आणि परंपरेच्या तर मुळीच नव्हता. तरीही १९१३ मध्ये राष्ट्रधर्माच्या मागणीला त्यांनी लेख लिहून कडाडून विरोध केला. चीनला कधी राष्ट्रधर्म नव्हता, हीच चीनची चांगली बाजू आहे, असं त्यांचं म्हणणं. कन्फ्यूशियस थोर, कारण त्याने इतिहास जपला, ग्रंथ पुढच्या पिढ्यांच्या हाती दिले आणि सामान्य घरातल्या मुलांना शिक्षण खुलं केलं. त्याला देव करणं म्हणजे त्याचं खरं काम विसरणं. त्याच हिवाळ्यात बीजिंगमधल्या आपल्या व्याख्यानवर्गाच्या भिंतीवर त्यांनी सूचना लावली: इथलं काम ज्ञानाचं आहे आणि त्यात धर्माची सरमिसळ होणार नाही, म्हणून कन्फ्यूशियस धर्मसंघाच्या सभासदांनी आधी तो संघ सोडावा आणि मग इथे प्रवेश घ्यावा. त्या वेळी झांग स्वतः राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईच्या पहाऱ्यात होते. परंपरा वाचवायची असेल तर तिला धर्मसत्तेपासून आणि राजसत्तेपासून दोन्हीकडून दूर ठेवा, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा परंपरावादी मला दुसरीकडे क्वचितच भेटला आहे.

संसदेने मधला मार्ग काढला. राष्ट्रधर्म नाही, पण राष्ट्रीय शिक्षणात नीतिसंस्कारांचा पाया कन्फ्यूशियसची शिकवण असेल, असं १९१३ च्या मसुद्यात आलं. ख्रिस्ती, मुस्लिम, बौद्ध, ताओपंथी असे सगळे राष्ट्रधर्माच्या विरोधात एका बाजूला आले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं. पुढे २३ डिसेंबर १९१४ रोजी युआन शिकाईने स्वर्गमंदिरात जाऊन सम्राटांचा तो जुना विधी केला. वर्षभराने त्याने स्वतःला सम्राट जाहीर केलं, ते काही महिन्यांत अंगाशी आलं आणि जून १९१६ मध्ये तो मेला. पण तेवढ्या काळात कन्फ्यूशियसचं नाव हुकूमशहाच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच.

चेन दुश्यू यांनी १९१५ मध्ये शांघायला सुरू केलेलं, पुढे 'नवयुवक' नावाने गाजलेलं मासिक याच संतापातून बोलत होतं. प्रजासत्ताक हवं असेल तर सगळे समान, आणि कन्फ्यूशियसची रचना तर थोरल्या-धाकट्याच्या उतरंडीवर उभी. दोन्ही एका घटनेत बसणार कसे, हा चेन यांचा सवाल बिनतोड होता. शिक्षणमंत्री असताना त्साय युआनपेई यांनी शाळांमधली कन्फ्यूशियसची पूजा आधीच बंद केली होती. १९१७ मध्ये त्यांनी धर्माच्या जागी सौंदर्याचं शिक्षण द्यावं, असा विचार मांडला.

१९२२ चा प्रसंग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी महासंघाची परिषद त्या एप्रिलमध्ये बीजिंगच्या चिंगहुआ महाविद्यालयात भरणार होती. तिच्याविरोधात विद्यार्थी उठले, कारण मिशनरी परकीय तोफांच्या आडोशाने देशात आले होते आणि असमान तहांचं संरक्षण त्यांना मिळत होतं. राग खोटा नव्हता. पण आंदोलन ख्रिस्ती धर्मावरून सगळ्याच धर्मांवर घसरलं आणि धर्म समूळ उखडून काढायची भाषा सुरू झाली. तेव्हा लेखक झोऊ त्सुओरेन, भाषापंडित चियान श्वानतोंग आणि आणखी तीन प्राध्यापक अशा पाच जणांनी ३१ मार्चला निवेदन काढलं. आशय साधा होता: आम्ही कुठल्याच धर्माचे अनुयायी नाही, कुठल्या धर्माची बाजूही घेत नाही, पण माणसाच्या श्रद्धेत कुणी ढवळाढवळ करावी हे आम्हाला मान्य नाही. चेन दुश्यू तोवर कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले होते. स्वातंत्र्याच्या नावाखाली तुम्ही बलवानांची खुशामत करता, असं त्यांनी या पाच जणांना सुनावलं. आज श्रद्धेवर बंदी आली तर उद्या विचारावरही येईल, ही झोऊंना वाटणारी भीती होती.

धर्मनिरपेक्षतेचे दोन वेगळे अर्थ इथे समोरासमोर उभे राहिले. एका अर्थाने नास्तिकाने आस्तिकाच्या हक्कासाठी उभं राहायचं. दुसऱ्या अर्थाने समाजाला धर्मातून मुक्त करायचं, लागलीच तर सक्तीने. पाच प्राध्यापकांमागे कुठला पक्ष नव्हता आणि लष्कर तर नव्हतंच.

दोन वर्षांनी रवींद्रनाथ टागोर चीनला गेले तेव्हा याच वादात सापडले. लियांग चीचाव यांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं, आणि पौर्वात्य अध्यात्माचा संदेश आम्हाला नको म्हणत डाव्या तरुणांनी त्यांच्या सभांमध्ये पत्रकं वाटली. बीजिंग विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकवलेले लियांग शूमिंग मात्र वेगळ्याच दिशेने विचार करत होते. १९२१ मध्ये त्यांनी पाश्चात्त्य, चिनी आणि भारतीय अशा जगण्याच्या तीन वाटा मांडल्या होत्या: जग बदला, जगाशी जुळवून घ्या, जगाच्या मोहातून बाहेर पडा. मनाने ते बौद्ध होते, पण देशाची गरज ओळखून कन्फ्यूशियसच्या वाटेने शानतोंगच्या खेड्यांत कामाला लागले. १९७४ मध्ये, माओच्या राजवटीत, सगळा देश सक्तीने कन्फ्यूशियसची निंदा करत असताना ऐंशी वर्षांच्या लियांगनी ती करायला नकार दिला. दबाव वाढल्यावर त्यांनी कन्फ्यूशियसचंच वचन ऐकवलं: सैन्याचा सेनापती हिरावून नेता येतो, साध्या माणसाचा निर्धार हिरावता येत नाही.

मधल्या राष्ट्रवादी काळाबद्दल थोडक्यात. १९२८ मध्ये राष्ट्रवादी पक्षाच्या नानजिंग सरकारने कुठली दैवतं ठेवायची आणि कुठली काढायची याची यादीच काढली. कन्फ्यूशियस, ग्वान यू, बुद्ध, लाओत्से राहिले. नगरदेव, भूमिदेव, पावसाचा नागराजा, चुलीचा देव, धनाचा देव हे बाद झाले, म्हणजे बायाबापड्यांचे रोजचे देव नेमके गेले. लोकांनी अर्थातच ते सोडले नाहीत. राष्ट्रवादी नेते चांग कै शेक यांनी १९३० मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि चारच वर्षांत कन्फ्यूशियसच्या सद्गुणांवर आधारलेली 'नवजीवन' चळवळ सुरू केली, आणि त्यांना स्वतःला त्यात काही विसंगती दिसली नाही.

१९४९ नंतर कम्युनिस्ट सरकारने पाच धर्म मान्य केले: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. प्रत्येकाची सरकारमान्य संघटना, आणि त्याबाहेर जे काही असेल ते संशयास्पद. कन्फ्यूशियसचं नाव यादीत नाही. पुढे सांस्कृतिक क्रांतीत, नोव्हेंबर १९६६ मध्ये, बीजिंगहून आलेल्या रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या तरुण अनुयायांनी, कन्फ्यूशियसच्या चूफू गावातलं मंदिर आणि दफनभूमी उद्ध्वस्त केली, त्याच्या वंशजांच्या कबरी उकरल्या. माओ गेल्यावर १९८२ च्या घटनेत कलम ३६ आलं: श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे आणि राज्य 'सामान्य धार्मिक कार्यांना' संरक्षण देईल. सगळा कायदा त्या 'सामान्य' या शब्दावर तोललेला आहे. सामान्य काय, हे प्रशासन ठरवतं.

याच सुमारास जुना प्रश्न अनपेक्षित तोंडातून पुन्हा आला. रेन जीयू हे मार्क्सवादी विद्वान, जागतिक धर्मांच्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख. १९७८ च्या शेवटी त्यांनी मांडलं की कन्फ्यूशियसची परंपरा हा धर्मच होता. वाक्य कांग यूवेईंचं, हेतू अगदी उलटा. धर्म ठरवला की चीनच्या मागासलेपणाचं खापर त्याच्यावर फोडता येतं, आणि माओच्या व्यक्तिपूजेची मुळंही त्यात दाखवता येतात. पण विचार एकदा बाहेर पडला की मांडणाऱ्याचा राहत नाही. २००० नंतर जियांग छिंग यांच्यासारख्या नव्या कन्फ्यूशियसवाद्यांनी तेच विधान अभिमानाने उचललं आणि कन्फ्यूशियसच्या तत्त्वांवर उभी राज्यव्यवस्था मागितली. २०१० च्या डिसेंबरमध्ये, चूफूत ३००० माणसं बसतील असं उंच चर्च होणार म्हटल्यावर अशा दहा विद्वानांनी जाहीर पत्र काढून विरोध केला आणि ते काम थांबलं. पुढच्याच महिन्यात बीजिंगमध्ये तिआनानमेन चौकाजवळ कन्फ्यूशियसचा साडेनऊ मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. एप्रिलमध्ये एका रात्रीत तो हलवून संग्रहालयाच्या आतल्या अंगणात नेला गेला. पटेल असं कारण कुणी सांगितलं नाही.

शी जिनपिंग यांच्या काळात पक्ष कन्फ्यूशियसचा गौरव 'श्रेष्ठ परंपरागत संस्कृती' म्हणून करतो. धर्म म्हणून नाही, कारण धर्म म्हटला की त्याची संघटना आणि स्वतंत्र अधिकार मानावा लागेल. मान्यताप्राप्त पाच धर्मांनी 'चिनी वळण' घ्यावं असं धोरण आहे, आणि २०१८ मध्ये धर्मविषयक सरकारी खातं थेट पक्षाच्या विभागाखाली गेलं. या धोरणाची सर्वांत मोठी किंमत शिनज्यांगमधले उइगुर मुस्लिम मोजत आहेत. तिथे सामूहिक नजरकैदेच्या छावण्या उभ्या राहिल्या, आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ च्या अहवालात नोंदवली. दाढी, बुरखा, मुलांना कुराण शिकवणं या गोष्टी 'सामान्य' या शब्दाच्या बाहेर गेल्या की काय होतं, ते तिथे दिसतं.

तिबेटमध्ये हाच अधिकार पुनर्जन्मापर्यंत जातो. लामांचा पुनर्जन्म सरकारी मंजुरीशिवाय ग्राह्य नाही, असा नियम २००७ मध्ये झाला. सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून नवा लामा ठरवण्याची पद्धत चियानलाँग सम्राटाने १७९३ मध्ये लादली होती. नास्तिकता ही सदस्यत्वाची अट असलेला पक्ष आज त्याच कलशाचा हवाला देतो. जुलै २०२५ मध्ये धर्मशाळेत दलाई लामांनी जाहीर केलं की आपली परंपरा पुढे चालेल आणि उत्तराधिकारी ओळखण्याचा हक्क फक्त आपल्या न्यासाचा असेल. बीजिंगने त्याच दिवशी उत्तर दिलं: कलश आणि केंद्र सरकारची मंजुरी, दोन्ही लागतील.